पुतळीचा हिरवा पट्टा

राहनाळच्या कुरिअरच्या गोदामात कमळा पहिल्यांदा कामाला लागली, तेव्हा तिथे माल पुढे नेणारा फिरता पट्टा वगैरे काही नव्हतं. चार लांब लाकडी टेबलं होती, त्यांवर पाकिटांचे आणि खोक्यांचे ढीग, आणि ढिगांभोवती सहा बायका. त्या सहांपैकी आता एकटी कमळाच उरली होती. कुणी काल्हेरच्या मोठ्या गोदामात गेली, कुणी सून आल्यावर घरी बसली. कमळा मात्र चिकटून राहिली.

तिला वाचता येत नव्हतं. दुसरीत असताना बापाने शाळेतून काढली, धाकट्या भावाला सांभाळायला. आकडे तिने गोदामातच शिकून घेतले, चाळिशीला टेकल्यावर. पाकीट हातात आलं की पत्त्याखालच्या पिनकोडचे पहिले तीन आकडे बघायचे आणि हात आपोआप त्या पोत्याकडे जायचा. चारशे म्हणजे मुंबई, चारशे अकरा पुणं, चारशे बावीस नाशिक. चारशे एकवीस म्हणजे आपलंच, भिवंडी-कल्याणकडचं. सुपरवायझर नव्या बायकांना कमळाशेजारी उभं करायचा आणि म्हणायचा, "ही कशी करते तेवढं बघा."

हे ऐकायला कमळाला आवडायचं. घरी तिला असं कुणी म्हणत नव्हतं.

पुतळाबाईला या कामावर कमळानेच आणली. दोघींचं माहेर टेमघर, दोघींना दिलं राहनाळात, एकाच आळीत. पुतळाचा नवरा रघू ज्या कापडाच्या कारखान्यात होता तिथले लूम बंद पडले, आणि पुतळा एक दिवस कमळाच्या ओट्यावर येऊन गप्प बसून राहिली. एरवी ही बाई गप्प बसणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्या दिवशी कमळाने तिचा हात धरला, गोदामात नेली आणि सुपरवायझरला सांगितलं, "माझी लहानपणची मैत्रीण हाय. हाताला चपळ हाय. ठेवून घ्या."

ठेवून घेतली. आणि वर्षभरात पुतळा टीम लीडर झाली.

त्याला कारण होतं. पुतळा सातवीपर्यंत शिकलेली. पिनकोड पुसट असला, चुकीचा असला, किंवा लिहिलेलाच नसला, की कमळा ते पाकीट बाजूला टाकायची. पुतळा ते उचलायची, पत्ता वाचायची आणि म्हणायची, "अगो, हे मुरबाडचं हाय." इंग्रजी मोठी अक्षरंसुद्धा ती जुळवून जुळवून वाचायची. शिवाय तिच्या तोंडात साखर. लाइनीवरच्या पोरी तिला पुतळामावशी म्हणायच्या, डब्यातलं द्यायच्या, सासूची गाऱ्हाणी सांगायच्या. कमळाला त्याच पोरी "कमळाबाई" म्हणायच्या आणि ती जवळ आली की आवाज खाली करायच्या.

लीडरला पिवळं जाकीट मिळत असे. पुतळाने ते पहिल्यांदा घातलं त्या दिवशी सगळ्यांबरोबर कमळानेही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती नवऱ्याला म्हणाली, "मी आणली तिला. माझा हात धरून आली ती."

लडकू मासे साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "मग बरं झालं की."

कमळाने पुढची भाकरी तव्यावर टाकली. बरं काय झालं, कुणाचं झालं, हे ती नवऱ्याला विचारू शकली नाही, आणि स्वतःलाही विचारायचं तिने टाळलं.

*

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत कंपनीने गोदाम वाढवायला घेतलं. शेजारच्या गाळ्याची भिंत पाडली. आता तिथे आठ लाइनी व्हायच्या होत्या, आणि त्या आठही लाइनींना कुठला पट्टा घ्यायचा ते ठरवायला ठाण्याहून एक इंजिनीअर आला. कुणाल त्याचं नाव. सत्तावीस-अठ्ठावीसचा, डोळ्यांवर चष्मा, खिशात टेप. बाकीच्या साहेबांसारखा तो काचेच्या केबिनमध्ये बसला नाही. पहिले दोन दिवस लाइनीवर उभा राहून बायकांचे हात नुसते बघत होता.

तिसऱ्या दिवशी त्याने दोन पट्टे बसवून घेतले. एका लाइनीला काळा रबरी, वर दाणेदार, हात फिरवला तर खरवडून काढील असा. दुसरीला हिरवा, गुळगुळीत, भाजीवाल्याच्या ताज्या केळीच्या पानासारखा. फिटर नामाने सांधे जुळवले, मोटर चालू केली, आणि कुणालने सगळ्यांना जवळ बोलावलं.

"बघा मावशी," तो म्हणाला, "गाडीतून माल उतरतो, मग चढावरून वर येतो, आणि इथे सपाटीवर तुमच्यापुढून जातो. तुम्ही आपापल्या पिनचा माल ओढून मागच्या पोत्यात टाकता. काळा पट्टा माल घट्ट धरतो, चढावर काहीही घसरत नाही. हिरव्यावरून माल बाजूला ओढायला सोपा. दोन्हींत खरा कुठला चांगला, ते कंपनीच्या कागदावरून कळत नाही. ते तुमच्या हातांनी कळेल. चौदा दिवस दोन्ही लाइनी चालवू. रोज संध्याकाळी मी फळ्यावर दोन्हींचा आकडा लिहीन. पट्टा एकदा बसला की पाच वर्षं तोच राहणार आहे, तेव्हा नीट काम करा."

दोन लाइनींना दहा-दहा बायका. हिरवी कुणाची, काळी कुणाची, यासाठी त्याने दोन चिठ्ठ्या केल्या. एका टीमची लीडर पुतळा होतीच, दुसरीसाठी तो म्हणाला, "कमळामावशी, तुम्ही सगळ्यांत जुन्या. चौदा दिवस दुसरी लाइन तुम्ही बघा."

कमळाने चिठ्ठी उचलली आणि उघडून त्याच्याच हातात दिली. त्याने वाचलं, "काळा."

"माझ्या वाटणीला हिरवा आला गो!" पुतळा हसली. "साडीला चांगला दिसंल."

सगळ्या हसल्या. कमळाही हसली. पण मनात म्हणाली, हिच्या ताटात नेहमी वरचंच कसं पडतं?

*

पहिल्याच दिवशी कमळाला कळून चुकलं की सपाटीवर काळा पट्टा म्हणजे शिक्षा आहे. खोकं ओढायला जावं तर पट्टा ते सोडत नसे. उचलूनच घ्यावं लागे. पाकीट ओढलं तर त्याचा कोपरा दाण्यांत अडकून ते उलटं होई आणि पत्ता खाली जाई. आणि प्रत्येक वेळी हाताची आतली बाजू पट्ट्याला घासे. संध्याकाळी भाविकाने, तिच्या टीममधल्या सगळ्यांत लहान पोरीने, बाही वर करून दाखवलं. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक झालं होतं.

पलीकडे हिरव्यावर पुतळाच्या बायका दोन बोटांनी माल सरकवत होत्या. गप्पा चालल्या होत्या. कुणीतरी हळदीचं गाणंही धरलं होतं.

फळ्यावर आकडे लागले. कमळाला वाचता येत नसलं तरी आकडे येत होते, हेच वाईट झालं. हिरवी लाइन साडेचारशेने पुढे. दुसऱ्या दिवशी पाचशेने. तिसऱ्या दिवशीही तेच. खरं तर तिथेच सगळं ठरलं होतं. हिरवा चांगला, आणि ते कमळाच्या हातांनी तिला पहिल्याच तासात सांगितलं होतं.

पण फळ्यावर कुणालने "काळा" आणि "हिरवा" लिहायचं सोडून, सगळ्यांना समजावं म्हणून, "कमळा" आणि "पुतळा" असं लिहिलं होतं. येणारे-जाणारे ड्रायव्हर, हमाल, चहावाला, सगळे ते वाचत. चौथ्या दिवशी चहावाला म्हणाला, "काय कमळाबाय, म्हातारी झालीस का?"

त्याच दुपारी पुतळा डबा घेऊन तिच्याशेजारी येऊन बसली. डब्यातलं बोंबलाचं सुकं तिने कमळाच्या ताटलीत वाढलं आणि म्हणाली, "कमळे, मना काय वाटतं सांगू? उद्यापासून आपण लाइनी बदलू. तुझ्या बायका हिरव्यावर येतील, माझ्या काळ्यावर जातील. म्हणजे सरांना पण खरं काय ते कळंल. मी बोलते त्यांच्याशी."

बोलणं शहाणपणाचं होतं. कमळाला तेही कळलं. पण तिच्या कानांवर वेगळंच पडलं. पुतळा आपल्यावर दया करते आहे, असं तिला ऐकू आलं.

"कशाला?" ती म्हणाली. "माझ्या बायका काय लुळ्या हायेत? चिठ्ठी निघाली ती निघाली."

"तसं न्हाय गो—"

"जेव तू."

दुसऱ्या दिवशी कमळा घरून जुने पायमोजे घेऊन आली. लडकूचे, पोराचे, शेजाऱ्यांचे, जे मिळाले ते. त्यांचे पंजे कापले आणि दहाही बायकांच्या हातांत कोपरापर्यंत चढवले. बांगड्या काढायला लावल्या. ओढायचं नाही, उचलायचं, असं बजावलं. कोणती बाई कोणत्या पिनला चपळ आहे हे तिला पाठ होतं, त्याप्रमाणे तिने सगळ्यांच्या जागा बदलल्या. दुपारचा चहा बंद केला. बोलणं बंद केलं. स्वतः चढाच्या तोंडाशी उभी राहिली, उलटं आलेलं प्रत्येक पाकीट पत्ता वर करून पुढे सोडू लागली. आठ-आठ तास तिने कंबर सरळ केली नाही.

सहाव्या दिवशी अंतर दोनशेवर आलं. आठव्या दिवशी काळी लाइन तिसाने पुढे गेली.

कुणालने फळ्यावर आकडा लिहिला आणि खडू हातात धरून उभा राहिला. "कमाल आहे," तो म्हणाला. "मावशी, काळ्याची सवय झाली की वेग वाढतो असं दिसतंय."

"सवय झाली की वाढतो," कमळा म्हणाली.

मोज्यांबद्दल ती बोलली नाही. चहाबद्दलही नाही. त्या दिवशी सगळ्यांदेखत कुणालने तिला शाबासकी दिली आणि पुतळाने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना कमळाच्या अंगात जसं काही वारं भरलं होतं. पण ते फार टिकलं नाही. पुतळाही हट्टाला पेटली. तिने बायकांना सांगितलं, "कमळीने दाखवलं बघा कसं करायचं. चला, आपण पण करू." आणि दहाव्या दिवशी हिरवी पुन्हा पुढे. बाराव्या दिवशी तर सहाशेने. गाणंबिणं चालूच ठेवून.

तेराव्या दिवशी सकाळी एका गाडीतून उतरताना पावडरीचं खोकं फुटलं. अंगाला लावायच्या टाल्कमचे डबे होते. पांढरी धूळ सगळीकडे उडाली. कमळाने केरसुणी घेतली, कारण ती जवळच होती. सुपलीत पावडर गोळा केली. कचऱ्याचा डबा उजव्या हाताला होता आणि हिरव्या पट्ट्याच्या चढाचं तोंड डाव्या हाताला. बायका अजून जाळीमागे चपला काढत होत्या, नामा मोटरचं झाकण लावत होता.

तिने सुपली डावीकडे झटकली. पट्टा फिरायला लागला तसा तो पांढरा थर सगळ्या चढावर पसरला.

पाच मिनिटांत हिरव्याच्या चढावरून खोकी मागे घसरू लागली. एक घसरलं, त्याने दुसऱ्याला घेतलं, आणि खाली ढीग झाला. नामाने लाइन थांबवली, ओल्या फडक्याने पट्टा पुसला, तर तो जास्तच निसरडा झाला. अडीच तास पुतळाच्या बायका हात बांधून उभ्या होत्या.

"कसला गो हा वास?" पुतळा हुंगत म्हणाली. "लग्नघरातल्यासारखा."

"खोकं फुटलं ना तिकडं," कमळा म्हणाली. "उडाली असंल."

कुणालने वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी तो नामाला समजावत होता ते कमळाने ऐकलं: हिरवा सपाटीवर चांगला, पण थोडी धूळ पडली तर चढावर दगा देतो, आणि आपल्याकडे धूळ नाही असा दिवस कुठला? तेव्हा भरवशाचा काळाच.

महिन्याभराने आठही लाइनींना, चढापासून सपाटीच्या टोकापर्यंत, काळा पट्टा बसला.

*

एप्रिल उजाडला. वर पत्र्याचं छप्पर, खाली ऐंशी बायका घामाघूम. घामाने भिजलेली कातडी त्या दाण्यांवर घासली की सोलून निघे. बायकांनी आपापले मोजे आणले, फडकी बांधली. मग एक दिवस वरच्या साहेबाने पाहिलं आणि फडकी पट्ट्यात अडकतील म्हणून मोजेही बंद करायला लावले. गाणं तर कधीच बंद झालं होतं. कुणी कमळाला काही म्हणालं नाही. फक्त भाविका एकदा शेजारणीला म्हणाली, "आमी तेव्हा एवढं मरमर केलं नसतं ना, तर हा पट्टा आलाच नसता." आणि कमळा मागे उभी आहे हे दिसताच गप्प झाली.

पुतळाच्या उजव्या हाताला मे महिन्यात जखम झाली. आधी रुपयाएवढी होती. तिला साखरेचा आजार होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. जखम भरेना, चिघळली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरने रक्त तपासलं आणि रघूला बाजूला घेऊन सांगितलं की अजून आठ दिवस काढले असते तर बोटं गेली असती. पुतळा दोन महिने घरी बसली.

पिवळं जाकीट कमळाला मिळालं.

ती रोज ते घालायची, संध्याकाळी काढायची, घरी नेऊन धुवायची. ज्या गोष्टीसाठी तिचा जीव दोन वर्षं जळत होता ती अंगावर होती आणि तिच्यात काही ऊब नव्हती. पोरी आता तिला मावशी म्हणत होत्या, पण पुतळामावशी कशी आहे हे विचारायला. पत्ता नसलेलं पाकीट आलं की सगळ्यांचे डोळे सवयीने पुतळाच्या जागेकडे वळायचे. ती नसतानासुद्धा लोकांना तीच हवी होती. कमळाला आता त्या रिकाम्या जागेचाही राग यायला लागला.

एका रविवारी लडकूने तिला हटकलं. "आळीतली मैत्रीण आजारी, नि तू दहा पावलं जात न्हाईस. लोक काय म्हणतील?"

तेव्हा ती तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण घेऊन गेली. पुतळा खाटेवर बसली होती, हाताला पांढरी पट्टी. चेहरा उतरला होता, पण कमळाला बघून फुलला.

"ये गो. अवो, बघा कोण आलं. बस अशी जवळ."

कमळा बसली. "दुखतं का?"

"आता न्हाय एवढं. माझंच चुकलं ना," पुतळा म्हणाली. "मना तुझ्यासारखा हात चालवता आला न्हाय. तू उचलायचीस, मी ओढायला गेले. तू तेव्हा काळ्या पट्ट्यावर माझ्या हिरव्याला मागं टाकलंस, आठवतं? मी घरी येऊन यांना बोलले होते, कमळीसारखी बाई न्हाय पूर्ण भिवंडीत. इचार त्यांना."

रघूने मान डोलावली. "खरंच बोलली होती. दोन दिवस तेच पुराण."

लहानपणापासून कमळाला हेच ऐकायचं होतं, पुतळाच्या तोंडून. शाळेच्या दारातून पाटी घेऊन परत फिरवली तेव्हापासून. आता ते तिच्या पुढ्यात आलं होतं, कालवणाच्या वाटीसारखं, गरम, आणि तिला ते गिळता येईना. तिने डबा तिथेच ठेवला, "दूध तापतं हाय घरी," असं काहीतरी सांगितलं आणि निघून आली.

*

सोमवारी दुपारच्या सुट्टीत ती कुणालच्या समोर जाऊन उभी राहिली. तो आता काचेच्या केबिनमध्ये बसू लागला होता. तिने जाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"काय झालं मावशी?"

तिने सांगितलं. मोजे, चहा, जागा बदलणं, पुतळाने लाइनी बदलू म्हटलं ते नाकारणं. ते सांगताना आवाज नीट होता. पावडरीपाशी आल्यावर तो फुटला, तरी तिने तेही सांगितलं. सुपली कुठल्या हाताला झटकली तेही.

कुणालने चष्मा काढून पुसला. त्याचे कान लाल झाले होते.

"मोज्यांचं मला तेव्हाच विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "मी समोरच उभा होतो. पण पावडर?" त्याने चष्मा चढवला. "तुम्हाला कळतं का, धूळ पडली की हिरवा घसरतो, या एका वाक्यावर मी आठ लाइनींचा रिपोर्ट लिहिलाय? वर माझी सही आहे."

"कळतं."

"का केलंत? कंपनीशी वैर आहे?"

"कंपनीशी न्हाय," कमळा म्हणाली. "पुतळीशी. आणि तिचं माझ्याशी काहीच वैर न्हाय."

त्याला यातलं फार काही समजलं असं दिसलं नाही. त्याने तिला जायला सांगितलं. कमळाला वाटलं, उद्या नाव काढून टाकतील. पण तसं झालं नाही. दोन दिवसांनी कुणाल नामाला घेऊन एका लाइनीपाशी उभा होता. नामा हात हलवून सांगत होता, "साहेब, मी तर पहिल्याच दिवशी बोलणार होतो, कुणी विचारलंच नाही. चढ आणि सपाटी, दोन मोटरी लावा. चढाला काळा राहू द्या, सपाटीला हिरवा टाका. मधे एक रूळ बसवला की माल अल्लद सरकेल. मी आधी लूमवर होतो, तिथं पण हर कामाचा पट्टा वेगळा असायचा."

हिरव्या पट्ट्याची गुंडाळी अजून कोठीत पडून होती. एका लाइनीवर आधी करून पाहिलं, आठवडाभर. या वेळी कुणालने रोज दुपारी त्या लाइनीच्या आणि शेजारच्या काळ्या लाइनीच्या टीमच्या जागा बदलल्या. मग वरून मंजुरी आणली आणि पावसाळा संपेपर्यंत आठही लाइनींच्या सपाटीला हिरवा पट्टा लागला. रिपोर्टात त्याने काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही. कमळाचं नाव त्यात नसावं. पिवळं जाकीट मात्र तिला परत मिळालं नाही, आणि तिनेही मागितलं नाही.

पुतळाला तिने स्वतः सांगितलं, तिच्याच ओट्यावर, उभ्याउभ्या. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळावं हे कमळाला नको होतं.

पुतळाने पट्टी सोडलेला हात पुढे केला. जखम भरली होती, पण कातडी गुलाबी आणि पातळ दिसत होती, नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लासारखी.

"बोटं गेली असती माझी," ती म्हणाली. "डॉक्टर बोलला होता."

"म्हाईत हाय."

"मना बोलली असतीस, जाकीट नको घालू, तर मी नसतं घातलं गो. एवढ्यासाठी?"

जाकीट तर शेवटी आलं होतं, त्याआधीचं खूप होतं. सातवीपर्यंतची शाळा होती, पोरींचं हसणं होतं, लडकूचं "बरं झालं की" होतं. ते सगळं पुतळाला सांगायला गेलं तर दोष पुतळाच्याच पदरात घातल्यासारखं झालं असतं.

"जा तू आता," पुतळा म्हणाली. ओरडली नाही. आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आळीत दिवसाउजेडी दार लावत नाहीत, त्यामुळे शेजारच्या दोन बायका बाहेर येऊन बघू लागल्या.

*

पुतळा श्रावणात कामावर परतली, पुन्हा लीडर म्हणून. कमळाला तिने चौथ्या लाइनीवर टाकलं, पुण्या-नाशिकच्या पिनवर, जिथे कमळाचा हात सगळ्यांत चालतो. जागा अगदी योग्य दिली, पण नावाने हाक मारली नाही. "पुण्याला कोण? तिकडं बघा जरा," एवढंच. गणपती गेले, दिवाळी गेली. आळीत समोरासमोर आल्या तर पुतळा पदर सावरून बाजूने जायची. फराळाचं ताट रघूच्या हातून आलं, लडकूने घेतलं.

हिरव्या पट्ट्यावरून माल दोन बोटांनी सरकत होता. पोरी त्याला "पुतळामावशीचा पट्टा" म्हणायला लागल्या, कारण तिचा हात सोलला म्हणून तो आला, असं त्यांना वाटत होतं. पहिल्यांदा ते नाव ऐकलं तेव्हा कमळाच्या छातीत तीच जुनी कळ उठली. सगळं कबूल करून, जाकीट देऊन, मैत्रीण गमावून झाल्यावरही. तिला स्वतःचीच लाज वाटली. वाटलं होतं, सांगून टाकलं की हे पोटातून निघून जाईल. गेलं नव्हतं. फरक एवढाच पडला होता की आता कळ उठली की तिला ती ओळखू यायची, आणि हात काम सोडून दुसरीकडे जायचे नाहीत.

डिसेंबरमध्ये एकदा भेटकार्डांचा लोंढा आला. दुपारी चौथ्या लाइनीवर ढीग साचला, आणि मधे एक पाकीट आलं, त्यावर पिन नव्हता. भाविकाने ते उचलून पुतळाकडे नेलं. पुतळाने वाचलं, मान हलवली, आणि स्वतः चालत कमळाच्या जागेपाशी आली.

"हे निफाड," ती म्हणाली. पाकीट पट्ट्यावर ठेवताना कमळाकडे न बघता तिने अक्षरांवर बोट टेकवलं. "नि. फा. ड. बघून ठेव. पुढच्या वेळी मना बोलवायला नको."

आणि ती दुसऱ्या लाइनीकडे गेली.

कमळाने पाकीट नाशिकच्या पोत्यात टाकायच्या आधी क्षणभर धरून ठेवलं. तीन अक्षरं होती. पहिल्याला वर वेलांटी होती. पट्ट्यावरून पुढची पाकिटं येत होती, पलीकडच्या लाइनीवर पुतळा कशालातरी मोठ्याने हसली आणि पोरीही हसल्या. कमळाला ते हसणं लागलं, नेहमीसारखंच. तिने पाकीट पोत्यात टाकलं आणि पुढचं उचललं.